त्याच घुशी की दुसऱ्या?

पहिल्या दिवशी माझ्यापुढे ठेवलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये मूठ-दीड मूठ भुरकट माती होती. शेजारी एक चिमटा, एक मऊ ब्रश आणि दांड्यावर बसवलेलं भिंग. "यातलं जे माती नाही, ते वेगळं काढायचं," एवढंच प्रोफेसरबाईंनी सांगितलं. मी हातमोजे चढवले, ट्रे जरा तिरका केला, बोटांनी माती पातळ पसरली आणि एका कडेने निवडायला लागले. अर्ध्या तासाने बाई परत आल्या तेव्हा हाडं, दात, बिया आणि किड्यांची कवचं असे चार ढीग कडेला लागले होते. हे कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजीकडे, तांदूळ निवडताना. बायकांनी सूप मांडीवर घेऊन ओसरीवर बसायचं, बोलणं चालू ठेवायचं आणि नजर मात्र खड्यावरून हलू द्यायची नाही. तीच नजर मी त्या ट्रेवर लावली होती.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून 2006 साली मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आले. माझ्या व्हिसावर पगाराचं काम करता येत नव्हतं. घरात बसून माझं शिक्षण विझत चाललंय असं वाटायला लागलं, तेव्हा जवळच्या विद्यापीठात आठवड्यातून दोन दिवस बिनपगारी हाडं निवडायला जायला लागले. 2015 साली नियम बदलला, कामाचा परवाना मिळाला आणि त्याच टेबलावर अर्धवेळ नोकरी लागली. आई फोनवर म्हणाली होती, "एवढं शिकून तिकडं उंदराची हाडं निवडतीस व्हय गं?" तिच्या आवाजात काळजी होती. तिला पटेल असं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते उत्तर शेवटी आमच्या शेताच्या बांधावर सापडलं.

ही हाडं येतात डोंगरातल्या गुहांमधून. घुबड उंदीर गिळतं आणि पचत नाही ते, म्हणजे केस आणि हाडं, गोळी करून तोंडावाटे टाकतं. तिकडे पॅकरॅट नावाचा एक उंदीर आहे, त्याला गोळा करण्याचं वेड. काटक्या, बिया, कोल्ह्याची वाळकी विष्ठा, घुबडाच्या गोळ्या, जे सापडेल ते ओढून तो गुहेतल्या आपल्या घरट्यात आणून ठेवतो. एक पॅकरॅट मेला की दुसरा तिथेच येऊन राहतो. अशी शेकडो पिढ्यांची साठवण थरावर थर चढत जाते. घुबडाने आसपासच्या काही किलोमीटरांतून शिकार आणायची आणि पॅकरॅटने ती जपायची, म्हणजे त्या प्रदेशात कधी कोण किती होतं याची नोंदवहीच झाली. थरातल्या कोळशाचं किंवा हाडाचं वय रेडिओकार्बनने काढता येतं.

दातांवरून प्राणी ओळखायला मी हळूहळू शिकले. व्होलचा दात वरून पाहिला तर त्रिकोणांची नागमोडी नक्षी दिसते, जशी लुगड्याच्या काठाला असते. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, गवतावर जगणारा, लहान डोळ्यांचा जीव. आपल्या महाराष्ट्रात तो नाही, म्हणून आपल्या बोलण्यात त्याला नावही नाही. गोफरचा दात साधा, थेंबासारखा. हा गोफर जमिनीखाली एकटा राहतो, मुळं कुरतडतो आणि गालाबाहेरच्या केसाळ पिशव्यांत खाणं भरून बिळात नेतो. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढिगारा टाकतो. तो ढिगारा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा थेट आमच्या बांधातली घूस आठवली. दोघांचं नातं दूरचं, पण धंदा तोच.

पहिल्याच वर्षात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला हवी. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ट्रेंमधली हाडं भरताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. एक ट्रे वरच्या थराचा, एक बराच खालचा. माझ्या लक्षात आलं दोन दिवसांनी, जेव्हा दोन्ही पिशव्यांतली काही हाडं आणखी एका डबीत एकत्र गेली होती. मी रात्रभर झोपले नाही आणि सकाळी जाऊन सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी डबी उघडली, त्यातल्या चौतीस जबड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यावर "थर अज्ञात" असं लिहून डबी कपाटात ठेवली. ते जबडे सुंदर होते, पूर्ण दातांचे. पण आपण कधीचे आहोत हे आता ते सांगू शकत नव्हते, आणि ज्याला आपला काळ सांगता येत नाही त्याला आमच्या कामात काहीच सांगता येत नाही. तेव्हापासून मी हात घालण्याआधी चिठ्ठी लिहिते. पेन्सिलीने, कारण शाई ओलीत फुटते.

त्याच सुमारास बाईंनी मला 2004 साली छापून आलेला एक शोधनिबंध वाचायला दिला. एलिझाबेथ हॅडली यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लामार गुहेत उत्खनन केलं होतं, तिथल्या सुमारे 3000 वर्षांच्या थरांचा तो अभ्यास. लेखकांत दुसरं नाव उमा रामकृष्णन यांचं. त्या पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आल्या. वाघांवरच्या त्यांच्या कामाबद्दल अनेकांनी वाचलं असेल, पण मी त्यांना ओळखते ते गोफर आणि व्होलमुळे.

यलोस्टोन 1872 पासून राखलेलं. तिथे नांगर फारसा फिरला नाही, मोठं गाव वसलं नाही. त्यामुळे तिथल्या लहान प्राण्यांचं वरखाली होणं हवामानाच्या माथ्यावर टाकता येतं, तेवढी मोकळीक शेतीभातीच्या मुलखात मिळत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्या भागात काही शतकं उबदार आणि कोरडी गेली. ओलसर गवताळ कुरणं आकसली. गोफर आणि व्होल दोघांनाही तीच कुरणं लागतात, म्हणून दोघांचीही हाडं त्या थरांत कमी झाली. इथपर्यंत कुणीही अंदाज बांधला असता.

पुढची गोष्ट हाडातल्या डीएनएची. आईकडून लेकरांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए त्या जुन्या दातांतून काढला, आणि प्रत्येक काळात त्यात किती तऱ्हा होत्या ते पाहिलं. गोफरांत संख्या घटली तशा तऱ्हाही घटल्या. व्होलांत उलट झालं. संख्या घटली आणि तऱ्हा वाढल्या.

हे वाक्य वाचून मी परत मागे गेले, वाटलं माझं वाचण्यात चुकलं. कमी जीव आणि जास्त विविधता, हे कसं? उत्तर त्यांच्या राहणीत होतं. गोफर आपल्या बिळाला धरून असतो, लांब जात नाही, शेजारच्या खोऱ्यातला गोफरही इकडे येत नाही. त्याचं कुरण आटलं की उरलेले मोजके आपापसातच वाढतात, आणि ज्या आज्यांना मुली झाल्या नाहीत त्यांची तऱ्हा कायमची जाते. व्होल भराभर वितो आणि फिरतो. त्याच्या वस्त्या विरळ झाल्या तशा दुसऱ्या खोऱ्यांतले व्होल रिकाम्या जागेत शिरले, येताना स्वतःच्या वेगळ्या तऱ्हा घेऊन आले. संगणकावर हा इतिहास पुन्हा पुन्हा उभा करून पाहिला गेला. नुसती संख्या घटली असं धरलं तर गोफरांचं गणित बसत होतं, व्होलांचं बसत नव्हतं. बाहेरून आलेले धरले तेव्हा ते बसलं.

वाढलेला आकडा पाहून माणूस सुखावतो. मीही सुखावले होते. मग लक्षात आलं की तो आकडा वाढला कारण इथले मेले. विविधता वाढली म्हणजे बरं चाललंय असं मानण्याची सवय आपल्याला आहे, आणि ही सवय मला तेव्हापासून टोचते. किती तऱ्हा आहेत हे विचारताना त्या कुणाच्या, कुठून आल्या आणि त्यांच्या आधी तिथे कोण होतं, हेही विचारावं लागतं. त्याचं उत्तर फक्त थरांत असतं. आजचे जिवंत व्होल पकडून त्यांचं रक्त तपासलं तर भरपूर तऱ्हा दिसतील, पण ती मधली रिकामी शतकं दिसणार नाहीत.

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरला महापूर आला. पंचगंगेचं पाणी आमच्या गावात कधी नव्हे इतकं आत आलं. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, आणि मी समुद्रापार बसून फोनला चिकटले होते. आमची माणसं माळावरच्या शाळेत सुखरूप होती. दोन म्हशी गेल्या. ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजला. तो काळ आठवणं मला आजही जड जातं. पाणी उतरल्यावर काही महिन्यांनी माझे वडील, अण्णा, फोनवर शेताचं सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, "बांधात एक घूस राहिली नव्हती बघ. समदी बिळात बुडाली. पर आता पुन्यांदा माती उकरलीया." मी विचारलं, "त्याच वाचलेल्या असतील, की वरच्या माळावरच्या उतरल्या?" अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता ते कसं कळायचं? घूस ती घूस."

मी म्हटलं, अण्णा, मी इथं हेच काम करते. त्याच की दुसऱ्या, एवढंच शोधायचं काम.

फोन स्पीकरवर असावा, कारण मागून आईचा आवाज आला, "आन् दुसऱ्या असल्या तर?" पाच-सहा वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. मी तिला सांगितलं की दुसऱ्या असल्या तर जुन्यांच्या अंगात जे होतं, एखादा रोग सोसण्याची ताकद असेल, ओल सहन करण्याची असेल, ते त्यांच्याबरोबर गेलं. बांध भरलेला दिसेल, पण ते परत येणार नाही. आणि त्याच मोजक्या वाचलेल्यांची पिलावळ असेल तर संख्या भरून निघेल, पण सगळ्या एकमेकींच्या बहिणी-बहिणी. पुढच्या संकटात सगळ्या एकाच जागी कच्च्या पडतील. आई म्हणाली, "म्हंजे दोन्हीकडनं गेलंच की." मी हो म्हटलं.

हवामान बदलल्यावर कोण टिकतं, याचं आणखी एक उत्तर कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या समवेल गुहेने दिलं आहे. जेसिका ब्लॉइस, जेनी मॅग्वायर आणि हॅडली यांचा तो निबंध 2010 सालचा. हिमयुग ओसरताना तिथल्या लहान सस्तन प्राण्यांची समाजरचना बिघडत गेली. काही जाती दिसेनाशा झाल्या, आणि कुठेही, काहीही खाऊन राहणारा डियर माऊस मात्र वाढत गेला. हिमयुग ओसरताना संपलेल्यांची नावं घेताना सगळे मॅमथ आणि लांब सुळ्यांच्या मार्जारांवर थांबतात. ते रास्तच आहे, पण बोटभर लांबीच्या जिवांचीही तेव्हा बरीच उलथापालथ झाली. जंगलात बी पेरणारे, माती भुसभुशीत करणारे आणि घुबडापासून कोल्ह्यापर्यंत सगळ्यांचं पोट भरणारे हेच जीव. माझ्या ट्रेमध्ये डियर माऊसचे दात हाताला सारखे लागायला लागले की मला बरं वाटत नाही. एकाच वाणाचं पीक गावभर दिसावं तसं ते असतं.

हवामानाने ढकलला जाणारा आणखी एक लहान जीव म्हणजे पिका. तो मी पाहिला टायोगा खिंडीजवळ, योसेमिटीच्या वरच्या अंगाला, सुमारे 3000 मीटर उंचीवर. मोठमोठ्या दगडांची घसरण होती, त्यातून एक तीक्ष्ण आवाज आला आणि मग मुठीएवढा, गोल कानांचा, शेपूट नसलेला प्राणी तोंडात गवताची जुडी घेऊन पळताना दिसला. हा सशाच्या गणातला. हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून उन्हाळ्यात गवत वाळवून दगडाखाली गंजी रचतो. गवताची गंजी रचणारा प्राणी शेतकऱ्याच्या पोरीला आवडणारच. त्याला उष्मा मात्र सोसत नाही. साध्या उन्हाळ्याच्या दुपारीही तो सावलीत दडून बसतो.

हिमयुग म्हटलं की वाईट काळ, असं आपण धरून चालतो. या पिकांच्या डीएनएवरून गॅलब्रेथ आणि सहकाऱ्यांनी 2009 साली जे मांडलं ते वाचून माझं हे धरून चालणं मोडलं. थंडीच्या काळात पिका डोंगरांच्या पायथ्याकडे उतरू शकत, त्यांचं क्षेत्र पसरे आणि वेगळ्या टेकड्यांवरचे पिका एकमेकांना भेटत. ऊब आली की ते माथ्याकडे चढत आणि प्रत्येक माथ्यावर वेगळे अडकून पडत. खाली तापलेली दरी, ती ओलांडणं अशक्य. म्हणजे त्यांच्यासाठी थंडी ही वाट मोकळी करणारी होती. आत्ताची ऊब त्यांना आणखी वर ढकलते आहे, आणि शिखराच्या वर डोंगर नसतो.

पिका आपल्याही देशात आहेत, हिमालयात. रामकृष्णन यांच्या गटाने 2017 साली दाखवून दिलं की सिक्कीममधला पिका ही वेगळीच जात आहे. आधी त्याला दुसऱ्या जातीची उपजात समजत असत. रूपाने जवळपास सारखा, डीएनए पाहिल्यावर कळलं की त्याची वाट फार पूर्वी, लाखो वर्षांपूर्वी फुटली होती. ते वाचल्यावर मी नकाशा काढून सिक्कीमचे डोंगर बराच वेळ पाहत बसले. एक अख्खी जात तिथे जगत होती आणि आपण तिला दुसऱ्या नावाने हाक मारत होतो.

आपल्या सह्याद्रीत असं जुन्या हाडांवरून वाचता येईल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. उष्ण आणि दमट हवेत डीएनए लवकर तुटतो. लामारसारखी थंड, कोरडी गुहा हे नशीब आहे, आणि ते आपल्याकडे क्वचित. पावसाळ्याने भिजलेल्या हाडाकडून तीन हजार वर्षांची अपेक्षा ठेवता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच जे आज मिळतंय ते आज नीट चिठ्ठी लावून ठेवलं पाहिजे, असं मला वाटायला लागलं.

जुन्या डीएनएची प्रयोगशाळा आमच्याकडे वेगळ्या इमारतीत आहे. आधी कपडे बदलायचे, पांढरा सूट, दोन हातमोजे, तोंड झाकलेलं. ज्या दिवशी ताज्या डीएनएच्या खोलीत पाय ठेवला त्या दिवशी इकडे यायचं नाही, कारण ताज्या डीएनएचा एक कण जुन्या हाडाला बुडवून टाकतो. प्रत्येक वेळी हाड न घातलेली एक कोरी नळीही सोबत चालवायची. तिच्यात काही सापडलं तर बाकीचं सगळं खोटं. दात दळावा लागतो. म्हणजे ज्याचे आधी फोटो काढले, मापं घेतली, वर्षानुवर्षं जपलं, त्याची पूड करायची. मी निवडलेला पहिला गोफरचा जबडा त्या खोलीत गेला त्या दिवशी मी तो हातातल्या हातात दोनदा फिरवला. त्याच्या दातावर एक बारीक चीर होती, ती मला पाठ होती. त्यातून डीएनए निघाला नाही. पुढच्या चार जबड्यांतून निघाला.

2022 च्या डिसेंबरात गावी गेले. आमच्या वाड्याच्या मागे जुनं गुऱ्हाळ आहे, चूल बंद होऊन वीस वर्षं झाली. छपराच्या तुळईवर गव्हाणी घुबडाची जोडी राहते, हे मला लहानपणापासून माहीत. भाचा बारा वर्षांचा, तो म्हणाला, "आत्या, खाली लय गोळ्या पडल्यात, बघायला चल." कोपऱ्यात केसांच्या राखाडी गोळ्या, फुटलेल्या कवट्या, धुळीत मिसळलेली हाडं असा वीतभर ढीग होता. आम्ही दोघं उकिडवे बसलो. मी खुरप्याने कडेने हळूच उभा काप घेतला, आणि मध्येच हात थांबला. ढिगाच्या पोटात, खालून चार बोटांवर, बोटभर जाडीची पिवळट, गुळगुळीत रेघ होती. भाच्याने नखाने ती खरवडली. "गाळ हाय हा," तो म्हणाला, "पुराचा. भिंतीवर पण तेवढंच वर हाय."

मी अण्णांना हाक मारली. ते काठी टेकत आले, वाकून रेघ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे खालच्या पुराआधीच्या," ते म्हणाले, "आन् वरच्या नंतरच्या." आई दारात उभी होती. तिने आत जाऊन दोन स्वच्छ पिशव्या आणल्या आणि स्वयंपाकघरातला चिमटा.

भाचा एका पिशवीत सगळं भरायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. या पिशव्या मी अमेरिकेत नेणार नव्हते. परवानगीशिवाय असं काही देशाबाहेर न्यायला कायद्याची मनाई आहे, आणि ती असावी. कोल्हापुरात माझ्या वर्गातली एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, तिच्याकडे द्यायच्या ठरल्या. पण त्याआधी मी त्याच्या हातात पेन्सिल दिली. काय लिहू, त्याने विचारलं. तुळईखालची जागा, तारीख, आणि थर.

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून एका चिठ्ठीवर "गाळाखाली" लिहिलं. दुसऱ्यावर "गाळावर" लिहिलं. मग खालच्या थरातून पहिला जबडा आईने उचलला. तांदळातला खडा काढावा तसा, दोन बोटांनी, आणि तो कुठल्या पिशवीत टाकायचा हे तिने कुणाला विचारलं नाही.